मिशनऱ्याला पत्र लिहा, पण उत्तर मागू नका

"आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करत आहोत, देव तुम्हांला आशीर्वाद देवो." दूर सेवेला गेलेल्या मिशनऱ्याला येणारी बरीच पत्रं एवढ्यावरच संपतात. यातलं प्रेम खरं असतं. पण हे वाक्य कुणालाही पाठवता येतं, आणि एकट्या पडलेल्या माणसाला ते लगेच जाणवतं.

लिहायला बसण्याआधी त्यांचं शेवटचं प्रार्थनापत्रक, म्हणजे बातम्या आणि प्रार्थनेच्या विनंत्या कळवणारं त्यांचं पत्र, पुन्हा वाचा आणि त्यातली एकच गोष्ट धरा. "भाषेची परीक्षा आहे असं लिहिलं होतंत, मंगळवारी आम्ही त्यासाठी प्रार्थना केली." मग काय मागितलं, तेही दोन ओळींत लिहा. पुढे मंडळीतल्या साध्या बातम्या द्या : कुणाला बाळ झालं, गायनात कोण नवीन आलं. भांडणं कळवू नका, तिथून ती मिटवता येत नाहीत. एक पान पुरे. शेवटी स्पष्ट लिहा, "उत्तराची घाई नाही, नाही दिलंत तरी चालेल." हे लिहिलं नाही तर पत्राचं ओझं होतं, पन्नास पत्रं म्हणजे पन्नास उत्तरं.

"किती जणांनी बाप्तिस्मा घेतला?" हे मात्र कधीच विचारू नये, असं माझं ठाम मत आहे. वर्षभर नुसती भाषा शिकणाऱ्याला त्या प्रश्नाने आपण नापास झालो असं वाटतं.

प्रार्थनेत काय मागायचं हे बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रांतून शिकावं. कलस्सैकरांस 4:3-4 मध्ये तो बंदीत आहे, तरी तिथे सुटका मागत नाही. वचनासाठी दार उघडावं आणि आपल्याला स्पष्ट बोलता यावं, एवढंच मागतो. रोमकरांस 15:31 मध्ये दोन विनंत्या आहेत : यहूदीयातल्या विरोधकांपासून सुटका, आणि यरुशलेमेतल्या पवित्र जनांना आपली सेवा मान्य व्हावी. ही दुसरी विनंती आपण विसरतो. विरोधकांइतकेच सहकाऱ्यांशी झालेले गैरसमजही सेवकाला थकवतात, म्हणून त्यांच्यातल्या सलोख्यासाठी नाव घेऊन मागा. झोप, व्हिसा, मुलांची शाळा, नवरा-बायकोचा एकमेकांसाठीचा वेळ, हेही.

"रोज सगळ्यांसाठी" असं ठरवलं की ते महिन्याभरात सुटतं. जर्मनीतल्या हेर्नहुट गावच्या मोरावियन या ख्रिस्ती मंडळीने 1727 मध्ये प्रार्थनेचे तास वाटून घेतले, 24 पुरुष आणि 24 स्त्रिया, आणि ती साखळी शंभराहून अधिक वर्षं चालली. तुम्ही सात जण असाल तर एकेक वार घ्या. वहीत तारीख, विनंती आणि उत्तर असे तीन रकाने आखा. तिसरा रकाना भरला की तेच पुढच्या पत्रात लिहा. याहून मोठा धीर नाही.

निरोपाच्या आठवड्यात पत्रांचा पाऊस पडतो, नाताळात पुन्हा. मधले महिने कोरडे जातात. संडेस्कूलची तीस कार्डं एकदम पाठवण्यापेक्षा महिन्याला दोन-तीन पाठवा. मिशनऱ्याच्या मुलांना त्यांच्या नावाने वेगळं पत्र हवं. मिशनरी सुट्टीवर घरी परतल्यावरही लिहा, तेव्हा सगळे गृहीत धरतात की आता ते बरे आहेत.

आणि काहीही पाठवण्याआधी विचारून घ्या. काही देशांत "मिशनरी" किंवा "सुवार्ता" हा शब्द पाकिटावर, मेसेजमध्ये दिसला तरी त्यांना आणि तिथल्या विश्वासणाऱ्यांना धोका होतो. पार्सलवर कधीकधी आतल्या वस्तूच्या किमतीहून जास्त कर त्यांनाच भरावा लागतो. त्यांचं प्रार्थनापत्रक, तिथल्या लोकांचे फोटो त्यांच्या परवानगीशिवाय इथे फेसबुकवर टाकू नका, ग्रुपवरही नाही.