डायनिंग टेबलच्या ‘हिरव्या डुप्लिकेट’ काचेबद्दल दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई, तुम्हाला मनस्ताप झाला त्याबद्दल सॉरी. आमचा पोरगा फोनवर तोडून बोलला असेल तर त्याबद्दल पण सॉरी, गणपतीच्या तोंडावर दुकानात पाय ठेवायला जागा नसते.

पण तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की प्लेन पांढरी काच सांगितली होती, दुकानदारानं हिरवी डुप्लिकेट गळ्यात मारली, आणि कोल्हापूरच्या एका दुकानदारानं पण तसंच सांगितलं. हे वाचून रात्री जेवण गेलं नाही बघा. वडिलांपासूनचं दुकान आहे, शहापूरपासून खानापूरपर्यंत आमची काच लागलीय, डुप्लिकेट म्हणून आजवर कोण बोललं नव्हतं.

काच हिरवट दिसते ती आतल्या लोखंडामुळं, भेसळीमुळं नव्हे. काच वाळूची होते आणि वाळूत आयर्न ऑक्साईड असतंच, साध्या प्लेन काचेत साधारण 0.1 टक्का. तुमचा टॉप 6 बाय साडेतीन फूट, 12 एमएम, वजन जवळपास 60 किलो (लिफ्ट बंद होती, पोरांनी जिन्यावरनं चढवली, ते काय रिव्ह्यूत आलं नाही), त्यात हे ऑक्साईड 60 ग्रॅमच्या आसपास बसतं. पण तेवढंच उजेडातला तांबडा भाग खातं आणि उरतो तो हिरवट. कोबाल्ट ऑक्साईड तर चिमूटभर पडलं तरी काच निळी होते, मग याचं काय घेऊन बसलाय. खिडकीच्या 4 एमएमला कळत नाही कारण उजेडाला पार करायला 4 एमएमच असतंय. तुमच्या काचेखाली पांढरं लॅमिनेट आहे, उजेड खाली जाऊन परत वर येतो, म्हणजे 12 चे 24 एमएम झाले. आणि फोटो तुम्ही काढलाय कडेनं! कडेनं बघताना फूट दोन फूट काचेतनं आलेला उजेड दिसतो, मग गडद हिरवी दिसणारच की हो. त्या कोल्हापूरच्या साहेबांना म्हणावं तुमच्या दुकानातली साधी 12 एमएम कडेनं धरून बघा आणि मग बोला.

आजोबांच्या घरातल्या काचा कधी हिरव्या नव्हत्या असं पण लिहिलंय. ताई, त्या काचा पातळ, आणि पूर्वी हिरवटपणा मारायला काचेत मॅंगनीज डायऑक्साईड घालायचे, त्यानं लोखंडाचा रंग फिका पिवळट होतो आणि मॅंगनीजची स्वतःची जांभळी छटा तो पिवळटपणा झाकून टाकते. पण वर्षानुवर्षं ऊन खाल्लं की तीच काच जांभळी पडते. आता त्या जांभळट झाल्यात असं तुम्हीच दुकानात बोलला होता, म्हणजे मॅंगनीजचीच असणार.

आता खरं दुखणं. एक्स्ट्रा क्लिअर काच मी दाखवली होती की नाही? तिच्यात लोखंड साध्याच्या पाचव्या-दहाव्या हिश्श्याइतकंच असतं, त्यासाठी कमी लोखंडाची वाळू निवडून आणावी लागते म्हणून ती महाग. 12 एमएममधनं साध्या काचेत शंभरातला 85 च्या आसपास उजेड येतो, हिच्यातनं 90 च्या वर. तुमचे मिस्टर रेट ऐकून म्हणाले एवढं कोण बघतंय, साधीच द्या. बिलावर पण ‘प्लेन’च लिहिलंय आणि पैसे साध्याचेच घेतलेत, वर कडेच्या पॉलिशचे सोडले ते वेगळंच. सॅम्पल 5 एमएमचं होतं म्हणून फसवलं असा अर्थ काढलाय तुम्ही, पण सॅम्पल सगळीकडं तसंच ठेवतात ओ. तरी आता काउंटरवर दोन्ही काचांचे 12 एमएमचे तुकडे पांढऱ्या सनमायकावर ठेवायचं चाललंय, बाकी पण काय काय सुधारणा करतोय.

तुम्हाला एक्स्ट्रा क्लिअरच हवी असेल तर नवीन ऑर्डर घेतो, मजुरी लावणार नाही, मटेरियलचे मात्र द्यावे लागतील. नाहीतर चारी बाजूनं सागवानी पट्टी मारून देतो, कड झाकली की निम्मा हिरवेपणा दिसणारच नाही, पट्टीचे पैसे नकोत. आणि कोल्हापुरात कड कापून घेतो म्हणून लिहिलंय ते तेवढं करू नका, काच टफन केलेली (तापवून कडक केलेली) आहे, कटर लावला की सगळी चुरा होऊन पडेल आणि त्याचा पण रिव्ह्यू माझ्याच नावावर येईल.