सहाशे बारा

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी गेल्या महिन्यात एका बँकेत, रीतसर टोकन घेऊन करून आलो.

भाच्याला पुण्याला शिकायला जायचंय. कर्जाच्या कागदांवर जामीनदार लागत होता. कान टोचताना तो माझ्याच मांडीवर, माझाच सदरा भिजवत रडलेला, तेव्हा जामीन कोण राहणार हा प्रश्नच नव्हता. "त्यात काय, एक सही तर करायची," असं मी धाकट्या बहिणीला थाटात सांगितलं. इस्त्रीचा शर्ट घातला. आधार, पॅन, पगाराच्या स्लिपा घेतल्या. शिवाय खिशाला चांगलं पेन लावलं. त्या पेनाची आठवण झाली की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात.

टेबलामागचा साहेब तिशीतला, सभ्य. त्याने टकटक केलं, थांबला, पुन्हा टकटक केलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सर, आपका सिबिल थोड़ा लो आ रहा है. छह सौ बारह." सिबिल म्हणजे आजवरची कर्जं आणि कार्डाची बिलं आपण किती नीट फेडली, याचे मार्क.

बिचारा खरंच हळू बोलला. पण पासबुक छापायचं मशीन सकाळपासून बंद होतं आणि त्याच्या आशेवर बसलेली मंडळी माझ्या पाठीमागच्या बाकावर होती. त्यात साडीच्या दुकानाच्या पिशवीत चार पासबुकं घेऊन एक आजोबा बसले होते.

"किती म्हणाला तो?"

मी ऐकू न आल्यासारखं केलं.

"सहाशे बारा म्हणाला ना? कितीपैकी?"

आता अशा वेळी ‘काका, हे खाजगी आहे’ म्हणायला हवं. पण खाजगी हा शब्द इंदूरच्या हवेला मानवत नाही. इथे पोह्यांच्या गाडीवर शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस तुमच्या प्लेटीत डोकावतो, "भिया, जीरावन कम है" म्हणतो आणि स्वतःच्या हाताने शिंपडून मोकळा होतो. मी म्हणालो, "नऊशेपैकी."

आजोबांनी डोळे मिटले. उघडले. "अडुसष्ट टक्के. फर्स्ट क्लास आहे की हो! मग तोंड पाडून का बसून राहिलात?" आणि माझ्या खांद्यावरून साहेबाला, "क्यों साहब, फर्स्ट क्लास को भी नहीं देते?"

"अंकल, कम से कम साढ़े सात सौ चाहिए."

"त्र्याऐंशी टक्के! तो सीधा बोलो ना, डिस्टिंक्शन चाहिए."

इथे विषय संपला असता. मी फर्स्ट क्लास घेऊन, थोडीफार अब्रू राखून घरी गेलो असतो. पण त्या साहेबाला ग्राहकाला नीट समजावून सांगायचं शिक्षण मिळालेलं असावं. तो म्हणाला, "अंकल, ये स्कोर तीन सौ से शुरू होता है. तीन सौ के नीचे किसी का आता ही नहीं."

आजोबांचा चेहरा बदलला. एकाच प्रश्नाचे मार्क दोनदा धरले गेलेत, हे लक्षात आल्यावर आमच्या गणिताच्या सरांचा व्हायचा तसा.

"म्हणजे तीनशे हजेरीचे," ते म्हणाले. "ते धरायचे नाहीत. दोन्हीकडून वजा करा. राहिले सहाशेपैकी तीनशे बारा." डोळे मिटले. "बावन्न टक्के." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेतला आदर बरोबर सोळा टक्क्यांनी उतरलेला मला दिसला. "सेकंड क्लास."

मग नेहमीची चौकशी. तुम्ही कोणते, राहता कुठे. लोकमान्य नगरात? कुठल्या गल्लीत? त्या गल्लीत त्यांच्या व्याह्यांचे साडू निघालेच. (माझी बातमी माझ्याआधी घरी कशी पोचली, याचा उलगडा इथे होतो.) वडील काय करायचे? वीज मंडळात. पेन्शन आहे? आहे.

"मग त्यांचे किती?"

"त्यांनी जन्मात कर्ज घेतलं नाही. घरसुद्धा पै पै साठवून बांधलं."

"झालं तर! त्यांना पैकीच्या पैकी."

साहेबाला पुन्हा राहवलं नाही. "नहीं अंकल. जिन्होंने कभी लोन या कार्ड नहीं लिया, उनका माइनस वन आता है."

"उणे?" आजोबा उभेच राहिले. पिशवी मांडीवरून घसरली, पासबुकं फरशीवर. "अहो, मी छत्तीस वर्षं गणित शिकवलं. झोपणाऱ्याला शून्य दिलं. कॉपी करणाऱ्याला शून्य दिलं. एकाने पेपरात नुसता गणपती काढून ठेवला, त्यालाही शून्यच दिलं. शून्याच्या खाली मी कुणाला नेलं नाही!" मग एकदम आवाज उतरला. "मीही कधी घेतलं नाही हो कर्ज. म्हणजे मलाही...?"

"अंकल, वो मार्क्स नहीं हैं. उसका मतलब बस ये कि आपकी कोई हिस्ट्री नहीं है."

"हिस्ट्री नहीं? इक्यासी साल का हूँ मैं!"

सगळी शाखा हसली. मीही हसलो, आणि हसता हसता माझे कागद परत फाइलीत घातले. पेन तेवढं टेबलावर राहिलं, ते दोन दिवसांनी लक्षात आलं.

तर हे ६१२ आले कुठून? कुणाचे पैसे बुडवून नव्हे. तीनेक वर्षांपूर्वी एका मॉलमध्ये टाय लावलेल्या एका पोराने मला क्रेडिट कार्ड दिलं. "सर, लाइफटाइम फ्री," आणि वर एक ट्रॉली बॅग. बॅगेची चेन उज्जैनपर्यंतही टिकली नाही. कार्ड मी एकदासुद्धा कुठे वापरलं नाही, कपाटात लग्नपत्रिकांखाली पडून होतं. पण फुकट होतं ते पहिल्या वर्षापुरतं. दुसऱ्या वर्षी त्यावर ५०० रुपये फी लागली, तिच्यावर १८ टक्के जीएसटी, झाले ५९०. बिलं जायची माझ्या एका जुन्या ईमेलवर, ज्याचा पासवर्ड मी विसरलोय. मग लेट फी, लेट फीवर जीएसटी, त्या सगळ्यावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज. मला कळलं तेव्हा आकडा ८,३४० होता. काही न विकत घेता.

वसुलीवाल्याचा फोन आला. फारच गोड माणूस. "सर, तीन हज़ार में सेटल करवा देता हूँ." मी हो म्हणणारच होतो, तेवढ्यात बायकोने वाचून दाखवलं की तडजोड केली तर रिपोर्टात नावापुढे ‘सेटल्ड’ असं लागतं आणि कर्ज देणारे त्या शब्दाने बिचकतात. आमच्याकडे मुलगा सेटल्ड आहे म्हटलं की मुलीकडचे पोह्यांबरोबर शिराही करतात. इथे तोच शब्द डाग. मी ८,३४० पूर्ण भरले, कारण मला ‘क्लोज्ड’ हवं होतं. क्लोज्ड! दुकान बंद झाल्यासारखा शब्द, त्यासाठी आठ हजार.

वर्षातून एकदा आपला रिपोर्ट फुकट बघता येतो, हेही बायकोनेच सांगितलं. बघायला हवा होता, मान्य. पण मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. वाण्याची उधारी मी दर एक तारखेला चुकती करतो. विम्याचा हप्ता चुकला नाही, पीपीएफ २००१ पासून चालू आहे. वडिलांच्या बायपासचं बिल एफडी मोडून एका दमात भरलं, कुणापुढे हात पसरला नाही. यातल्या एकाचाही मला अर्धा मार्क नाही. उलट तेव्हा कर्ज काढून हप्ते भरले असते तर आज मी गुणी ठरलो असतो. एफडी मोडणारा मुलगा त्यांच्या खात्यात कुठे बसतच नाही. बसतो तो ५९० रुपये न भरलेला गृहस्थ.

आणि हे कुठे, तर इंदुरात. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० च्या सुमारास खंडव्याच्या रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं होतं. साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांच्या मुदतीने. वर्षाला साडेचार हां, महिन्याला नव्हे! साहेबाकडे त्यांनी पगाराच्या तीन स्लिपा मागितल्याचं कुठे वाचनात नाही. वडिलांना ही गोष्ट सांगायला फार आवडते. हल्ली मी ती ऐकायला थांबत नाही.

त्या दिवशी घरी आलो तर वडिलांनी विचारलं, "झाली सही?" मी म्हणालो, "मशीन बंद होतं." मशीन बंद होतंच. त्यांच्या स्वतःच्या उणे एकबद्दल मी आजही बोललेलो नाही. लाल वहीत १९७४ पासूनचा हिशेब लिहिणारा माणूस तो.

संध्याकाळी बहिणीचा फोन. मी तयारीत होतो की ही चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "दादा, असू दे रे. आम्ही बघतो काहीतरी. तू टेन्शन घेऊ नकोस. आणि... काही लागलं तर सांग हं."

काही लागलं तर सांग, हे वाक्य माझं आहे. तिच्या लग्नापासून दर भाऊबीजेला, पाकीट ताटात ठेवून मी ते तिला म्हणत आलोय. तिच्या सासूबाईंनी तर सुदामा नगरात हळहळून सांगितलं म्हणे की मामांचं हल्ली जरा ओढाताणीचं आहे, बॅगासुद्धा फुकटच्या घेतात. बॅगेचं त्यांना कोणी सांगितलं, देव जाणे.

शेवटी जामीन राहिली बायको. फ्रिज, वॉशिंग मशीन, मुलीचा लॅपटॉप, सगळं तिने हप्त्यांवर घेतलेलं. त्या प्रत्येक हप्त्यावरून मी तिला ‘ऋण काढून सण’ ऐकवलेलं. तिचे निघाले ७९७. परवा आम्ही दोघं बँकेत गेलो. तोच साहेब, तेच टेबल. तिच्यासाठी चहा आला. माझ्या हातात तिचं हेल्मेट.

"या, या!" बाजूच्या खुर्चीतून आवाज आला. साडीच्या दुकानाची पिशवी. मशीन त्या दिवशी चालू होतं, तरी आजोबा तिथेच. माझ्या कानाशी वाकून, पंचाहत्तरीनंतर सिगारेट सुरू केल्याची कबुली द्यावी तसे म्हणाले, "कर्ज घेतलं."

"तुम्ही? कशाला?"

"स्वतःच्या एफडीवर. दहा हजार. एफडीला जेवढं मिळतं त्याहून एक टक्का जास्त व्याज आपणच भरायचं." डोळे मिचकावले. "हिस्ट्री तयार होते म्हणून राहिला हा. निकाल सहा महिन्यांनी. तोवर टिकलो पाहिजे. उणे एक घेऊन वर जाऊ की काय?"

साहेब फॉर्मवर शिक्के मारत होता. आजोबांनी माझ्या हातातल्या हेल्मेटकडे पाहिलं. "तुमचे किती झाले?"

सही करता करता बायकोचा हात थांबला.

"सहाशे एकोणीस," मी म्हणालो.

डोळे मिटले. ओठ हलले. "त्रेपन्न," ते म्हणाले. "एकाने वाढले." मग बायकोकडे वळून, "आणि यांचे?"

"सातशे सत्त्याण्णव," तिने लगेच सांगितलं. मला विचारलंसुद्धा नाही.

"तीनशे वजा... चारशे सत्त्याण्णव... ब्याऐंशी पूर्णांक त्र्याऐंशी!" आजोबांनी खुर्ची उचलून तिच्या बाजूला वळवली. माझ्याकडे त्यांची पाठ झाली. "कुठे शिकलात हो तुम्ही?"