मॉडेलच्या आधी प्रश्न

तालुका विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की भारतातल्या माझ्या शिक्षक मित्रांच्या गप्पांत तोच वाद रंगतो: प्रकल्प मुलांनी केला की पालकांनी? तयार मॉडेलवर बंदी घाला, असंही कुणी म्हणतं. तक्रार खरी आहे. पण मॉडेल कुणी चिकटवलं, याच्या आधी प्रश्न कुणाचा होता हे विचारायला हवं. एनसीईआरटी ही शालेय शिक्षणाची केंद्रीय संस्था दरवर्षी प्रदर्शनाचा मुख्य विषय आणि उपविषय ठरवून देते, शाळेत ते वाटले जातात आणि मूल थेट ‘काय बनवू?’ इथे पोचतं.

मी असते त्या अमेरिकेत सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी इथेही असतो, बोर्ड सजवणारे आईबाबाही असतात. घरात कुणी संशोधक असेल तर प्रयोगशाळेचं दार लवकर उघडतं. हे मला खटकतं. पण १९५० पासून भरणाऱ्या ‘आयसेफ’ या मोठ्या विज्ञान मेळ्याचा एक नियम मनापासून पटतो. माणसं, प्राणी किंवा जंतूंवर प्रयोग करायचा तर आराखडा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. तेव्हा प्रश्न कागदावर उतरवण्यावाचून गत्यंतर नसतं.

इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात. शेजारच्या मुलीनं विचारलं, “मीठच का? साखर का नाही?” हा प्रश्न सोनं आहे, फक्त त्याला मोजमापात आणायला हवं. सारख्या आकाराचे बर्फाचे तुकडे. एकावर मीठ, एकावर तेवढ्याच वजनाची साखर, एक तसाच. दहा मिनिटांनी सुटलेलं पाणी मोजायचं, आणि हे सगळं निदान तीनदा करायचं. मीठ पुढे गेलं. खरी मजा त्यानंतर आली. पाण्याचा गोठणबिंदू किती उतरणार, हे विरघळलेल्या कणांच्या संख्येवर ठरतं आणि एक ग्रॅम मिठातून साखरेच्या जवळपास १२ पट कण सुटतात, हे तिनं वाचलं. लगेच म्हणाली, “मग वजन सारखं घेणं बरोबर होतं का?”

असा दुसरा प्रश्न यायला वेळ लागतो, आणि तोच वेळ आपण मुलांना देत नाही. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिले काही आठवडे वहीत नुसते प्रश्न लिहून घ्या. शिक्षकांनी त्यांतले मोजता येणारे मुलांबरोबर बसून निवडावेत. आणि परीक्षकांनी ‘हे कसं चालतं?’ बाजूला ठेवून विचारावं: हे तुला कुठून सुचलं, आणि उत्तर उलटं आलं असतं तर पुढे काय केलं असतंस?