बंधारा नोव्हेंबरात बांधता, मे महिन्यात काढतं कोण?

जुलैत पदग्रहण, ऑगस्टमध्ये झाडं, सप्टेंबरात शाळेला वह्या, मग नेत्रतपासणी आणि दिवाळीच्या मागेपुढे वनराई बंधारा. रोटरी असो वा लायन्स, कोकणातल्या क्लबांचं वर्ष साधारण असंच सरकतं. बाकीचे उपक्रम बरे चालतात. बंधारा मात्र दिसायला सोपा, म्हणूनच सगळ्यात जास्त बिघडवला जातो.

मोहन धारियांनी १९८६ मध्ये ‘वनराई’ संस्था काढली, तिच्यावरून हे नाव रुळलं. पावसाळा सरल्यावर ओढ्याचं पाणी अडवणारा हा तात्पुरता बांध. सिमेंटची रिकामी पोती, माती आणि श्रमदान, एवढाच मालमसाला. पण हिशोब करून बघा. आठ मीटर रुंदीच्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, एक मीटर उंचीचा बंधारा घालायचा तर पायाला दोन मीटर रुंदी हवी आणि वर ती साठ सेंटीमीटरपर्यंत निमुळती करत न्यायची. याला साडेतीनशे ते चारशे पोती लागतात. म्हणजे जवळजवळ १५ टन माती. चाळीस माणसं खरोखर राबली तर माणशी दहा पोती, आणि दुपारच्या जेवणाआधी काम आटोपतं. दहा राबले आणि तीस जण बॅनर धरून उभे राहिले, तर नाही आटोपत.

पोतं दोन-तृतीयांशच भरायचं, ३५-४० किलो. गच्च भरलं की ते मृदंगासारखं गोल होतं आणि दोन पोत्यांत फट राहते. कमी भरलेलं पोतं पायाने चेपलं की पसरतं, शेजारच्याला चिकटतं. तोंड बांधू नका, दाभण-सुतळीने शिवा. बांधलेल्या तोंडाची गाठ मध्ये येते आणि पाणी नेमकं तिथूनच वाट काढतं. निव्वळ वाळू भरली तर बंधारा चाळणीसारखा गळतो. वाळू-मातीचं मिश्रण बरं. आणि ती माती बंधाऱ्याच्या खालच्या अंगाने उकरू नका. तिथे खड्डा पडला की पायाच सुटतो. वरच्या अंगाची काढा, तेवढाच साठाही वाढेल. सिमेंटचा उरलेला धुरळा पऱ्यापासून लांब झटकावा, नाहीतर मासे मरायचे.

पाया म्हणजे पालापाचोळा, गाळ, सुटे दगड काढून खालचा कातळ किंवा घट्ट थर लागेपर्यंत साफसफाई. हे कंटाळवाणं काम फोटोत येत नाही, म्हणून वगळलं जातं. दोन्ही काठांत अर्धा मीटर खाच मारून पोती आत घुसवायची. बंधारा मधून क्वचितच फुटतो, बगलेने फुटतो. थर विटांसारखे सांधेमोड करून रचायचे, वरच्या अंगाला चिकणमातीचा लेप पायाने तुडवून द्यायचा. मधोमध दीड-दोन मीटर लांबीत एक थर कमी ठेवला की सांडवा झाला. त्याखाली सपाट दगड पसरा. सांडवा नसेल तर पाणी हवं तिथून उतरणार आणि खालच्या वाडीची धारही तुटणार.

साठ्याच्या बातम्या वाचून हसू येतं. एक मीटर उंच, आठ मीटर रुंद, पाणी मागे साठ मीटर तुंबलं, तर साठा साधारण २ लाख ४० हजार लिटर. पंधरा लिटरची बादली पाच सेकंदांत भरत असेल, तर एका दिवसात बंधारा भरतो. तेवढं पाणी कुळीथ-चवळीच्या वाफ्यांना आणि नव्या कलमांना पुष्कळ आहे. त्याचं ‘कोटी लिटर’ कशाला करायचं?

घाई केली तर परतीचा पाऊस सगळं घेऊन जातो. उशीर झाला तर अडवायला पाणीच उरत नाही. आणि बांधून झालं म्हणजे संपलं नाही. दुसऱ्या दिवशी आणि आठव्या दिवशी कुणीतरी जायलाच हवं. वरच्या अंगाला पाण्यावर मूठभर भुसा टाका. तो जिथे गिरकी घेऊन आत ओढला जातो, तिथे गळती. तिथे पेंढा आणि चिकणमातीचा गोळा कोंबा. काठाला कुर्ल्यांची बिळं असतील तर तीही बघा. शहरातून दर आठवड्याला गाडी जाणार नाही, म्हणून शेजारच्या शेतकऱ्याला आधीच विचारून हे काम सोपवा. पाणी तोच वापरणार आहे.

आता मुद्दा मे महिन्याचा. पोतं प्लास्टिकच्या धाग्याचं असतं. उन्हाने ते इतकं कडक होतं की बोटाने फाटतं. जूनच्या पहिल्या लोंढ्यात त्याच्या चिंध्या होतात आणि खाडीपर्यंत जातात. म्हणून पाणी आटलं की पोती फोडून माती काठावर टाकायची आणि रिकामी पोती मोजून परत आणायची. अर्ध्या दिवसाचं काम. पण क्लबचं वर्ष ३० जूनला संपतं. मे महिन्यात जुने अध्यक्ष अहवालात गुंतलेले, नवे पदग्रहणाच्या हॉलच्या बुकिंगमध्ये. बंधारा कुणाचाच नसतो.

उपाय साधा आहे. ऑक्टोबरच्या बैठकीत बांधण्याची तारीख ठरते, त्याच ठरावात काढण्याची तारीख आणि नावं लिहा. येणाऱ्या अध्यक्षांना त्या दिवशी घमेलं उचलायला बोलवा. आणि अहवालात ‘बंधारे : ५’ या ओळीखाली आणखी एक ओळ घाला : पोती नेली किती, परत आणली किती.