पाटी लावली म्हणून जबाबदारी संपत नाही

"ग्राहकांनी आपल्या सामानाची काळजी स्वतः घ्यावी. सामान गहाळ झाल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही." ही पाटी आता इतकी सर्रास झाली आहे, की नजर तिच्यावरून जाते आणि तरीही ती वाचली जात नाही. उपाहारगृहाच्या गल्ल्यामागे, मंगल कार्यालयाच्या दाराशी, व्यायामशाळेतल्या कपाटांवर, कपड्यांच्या दुकानातल्या ट्रायल रूममध्ये, सगळीकडे ती असते, आणि तिच्या जोरावर आपल्याकडचे व्यावसायिक अशा थाटात वावरतात, की जणू दोन ओळी रंगवून घेतल्या की देशाचा कायदा त्यांच्या उंबऱ्याबाहेरच थांबतो. मला या पाटीचा मनापासून संताप येतो, आणि गेल्या काही आठवड्यांत जे सोसावे लागले त्यानंतर तो संताप गिळून गप्प बसणे मला शक्य नाही.

माझी मावशी पंचाहत्तरी ओलांडलेली आहे आणि तिला श्रवणयंत्राशिवाय जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. पुण्यातल्या एका मोठ्या, चांगल्या चालणाऱ्या उपाहारगृहात आम्ही घरचे सगळे जेवायला गेलो होतो. अशा ठिकाणी भांड्यांचा खणखणाट, मोठ्या आवाजात लावलेली गाणी आणि शेजारच्या टेबलांवरचे बोलणे या सगळ्याचा यंत्रातून नुसता कल्लोळ कानात शिरतो, म्हणून तिने ते काढून त्याच्या निळ्या डबीत ठेवले आणि डबी ताटाशेजारी ठेवली. निघताना ती तिथेच राहिली. घरी पोचताच आम्ही फोन केला. पलीकडच्या माणसाने स्वच्छ शब्दांत सांगितले, की निळी डबी मिळाली आहे, टेबल आवरणाऱ्या मुलाने ती गल्ल्यावर आणून दिली आहे, उद्या येऊन घेऊन जा.

हे वाक्य महत्त्वाचे आहे. डबी टेबलावर कुणाच्या नजरेस न पडता राहिली असती, किंवा मावशीने ती रिक्षात विसरली असती, तर मी उपाहारगृहाकडे बोटही दाखवले नसते. परंतु वस्तू त्यांच्या माणसाला सापडली, त्याने ती उचलली, गल्ल्यावर दिली, आणि ती आपल्याकडे असल्याचे त्यांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केले. त्या क्षणापासून ती वस्तू त्यांच्या ताब्यात होती.

दुसऱ्या दिवशी गल्ल्यावर दुसराच माणूस होता आणि त्याचे पहिले वाक्य होते, "अशी काही वस्तू आमच्याकडे नाही." कालचा फोन कुणी घेतला होता, तर माहीत नाही. डबी कुणी आणून दिली होती, तर त्या मुलाची आज सुट्टी. मग व्यवस्थापक आले आणि त्यांनी गल्ल्याखालचा खण ओढला. त्या खणात चष्मे होते, गुंडाळलेल्या चार्जरच्या वायरी होत्या, एकच कर्णफूल होते, किल्ल्यांचा जुडगा होता, आणि या सगळ्याखाली एक आधार कार्ड होते. कशालाही चिठ्ठी लावलेली नव्हती. तारीख नाही, टेबलाचा क्रमांक नाही, कुणाला सापडले त्याचे नाव नाही. आधार कार्डावर त्या माणसाचा पूर्ण पत्ता छापलेला असतो, तरीही ते तिथे धूळ खात पडले होते. व्यवस्थापकांनी तो ढीग हाताने एकदा इकडे, एकदा तिकडे ढकलला, खण बंद केला आणि मागच्या पाटीकडे बोट दाखवले. पाटीकडे बोट! मग मावशीकडे वळून, तिला ऐकू येत नाही म्हणून सगळ्या दालनाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ते म्हणाले, "आजी, एवढं महागाचं मशीन टेबलावर ठेवायचंच कशाला?" जेवणारी माणसे माना वळवून बघू लागली. मावशीला शब्द कळले नाहीत, पण लोक आपल्याकडे का पाहत आहेत हे तिला नेमके कळले. तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय, ते मी तेव्हा अनुभवले.

या वस्तूचे स्वरूपही समजून घ्यायला हवे. मावशीच्या यंत्राचा कानात बसणारा साचा तिच्याच कानाचे माप घेऊन बनवलेला होता, आणि कोणता स्वर किती वाढवायचा ही जुळणी तिच्या श्रवणचाचणीच्या आलेखावरून केलेली होती. दुसऱ्या कुणाला ते यंत्र जवळजवळ निरुपयोगी आहे. म्हणजे ते कुणी हावेने लांबवले असेल, हीही शक्यता फार कमी आहे. ते बहुधा कागदी रुमालांबरोबर, उष्ट्या द्रोणांबरोबर, कचऱ्याच्या पिशवीत गेले. ज्या वस्तूवाचून एक म्हातारी बाई घरातल्या नातवंडांच्या बोलण्यातून बाहेर फेकली जाते, दाराची घंटा ऐकू शकत नाही, फोन उचलेनाशी होते, ती वस्तू निव्वळ बेफिकिरीपायी गेली आणि वर "टेबलावर ठेवायचंच कशाला" हे ऐकावे लागले.

आता सर्वांत चीड आणणारी गोष्ट सांगते. बिल देताना माझा मोबाईल क्रमांक त्यांनी आग्रहाने घेतला होता. क्रमांक दिल्याशिवाय बिल निघत नाही, असेही सांगितले होते. त्या क्रमांकावर दुसऱ्याच सकाळी "आपला अनुभव कसा होता?" असा संदेश आला, आणि पुढच्या सणाची सवलतही कळवण्यात आली. म्हणजे टेबल क्रमांक, वेळ, बिल आणि ग्राहकाचा फोन ही सगळी माहिती त्यांच्या संगणकात एकत्र होती. डबी कोणत्या टेबलावर सापडली ते आवरणाऱ्या मुलाला माहीत होते. तो क्रमांक त्या डबीला चिकटवून एक फोन करायला जेमतेम दोन मिनिटे लागली असती. आमचा क्रमांक सवलती विकण्यासाठी चालतो आणि आमची वस्तू परत करण्यासाठी चालत नाही, हा कुठला न्याय?

आता त्या पाटीच्या कायदेशीर वजनाबद्दल, कारण तिला कायद्याचे पाठबळ आहे असा बहुतेकांचा समज असतो आणि त्यामुळेच बिचारे ग्राहक मान खाली घालून परत जातात. भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे. त्याच्या कलम 71 मध्ये म्हटले आहे, की दुसऱ्याची वस्तू ज्याला सापडते आणि जो ती आपल्या ताब्यात घेतो, त्याच्यावर तीच जबाबदारी येते जी ठेव म्हणून वस्तू स्वीकारणाऱ्यावर असते. ती जबाबदारी किती, हे कलम 151 सांगते: सर्वसाधारण शहाणा माणूस तशाच परिस्थितीत, तेवढ्याच आकाराच्या, प्रतीच्या आणि किमतीच्या स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी. यात अवाजवी असे काहीच नाही. कुणी तिजोरी मागत नाही, पहारेकरी मागत नाही. व्यवस्थापक स्वतःच्या आईचे श्रवणयंत्र रबर लावलेल्या बिलांच्या गठ्ठ्याशेजारी, उघड्या खणात, नावाची चिठ्ठीही न लावता टाकतील का, एवढाच हा प्रश्न आहे.

आणि पाटीचे म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2019 मध्ये दिल्लीच्या ताज महाल हॉटेलच्या प्रकरणात याच वृत्तीला उत्तर दिलेले आहे. 1998 साली एका पाहुण्याने आपली मारुती झेन हॉटेलच्या माणसाकडे किल्लीसह सोपवली होती, ती चोरीला गेली, आणि हॉटेलने पार्किंगच्या चिठ्ठीवर छापलेल्या "मालकाच्या जोखमीवर" या मजकुराकडे बोट दाखवले. न्यायालयाने सांगितले, की गाडी आणि किल्ली ताब्यात घेतल्यावर तिची योग्य काळजी घेण्याचे कर्तव्य हॉटेलवर येते, स्वतःचा निष्काळजीपणा असताना छापील मजकुराच्या आड लपता येत नाही, आणि आपण निष्काळजी नव्हतो हे दाखवून देण्याचे ओझेही हॉटेलवरच असते. गाडी सोपवलेली होती आणि डबी विसरलेली होती, हा फरक आहे, तो मला ठाऊक आहे. पण सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्याला कलम 71 ठेव घेणाऱ्याच्याच पंक्तीला बसवते, म्हणून पाटीचा आडोसा इथेही टिकू नये.

मोठ्या दुकानांतली पिशव्यांची खिडकी तर याहून संतापजनक आहे. तिथे पिशवी बाहेर ठेवल्याशिवाय आत सोडत नाहीत, बिल्ला हातात देतात, आणि त्याच बिल्ल्याच्या मागे "सामानाची जबाबदारी आमची नाही" असे बारीक अक्षरांत छापतात. सक्ती तुमची, खिडकी तुमची, माणूस तुमचा, बिल्ला तुमचा, आणि जबाबदारी मात्र आमची. हे बोलायलासुद्धा लाज वाटायला हवी.

आम्ही सीसीटीव्हीचे चित्रण दाखवा म्हणालो. "साहेब गावाला गेलेत, पासवर्ड त्यांच्याकडे आहे." नंतर सांगितले, की त्या बाजूचा कॅमेरा बंद होता. पुढे सांगितले, की जुने चित्रण आपोआप पुसले जाते. तिन्ही उत्तरे एकाच माणसाने दिली. एखादा ग्राहक बिल न देता निघून गेला, तर हेच कॅमेरे क्षणार्धात चालू होतात आणि त्याचा चेहरा कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरतो, हे तिथे काम करणाऱ्यांपैकीच एकाने आम्हाला दबक्या आवाजात सांगितले.

ज्या मुलाने डबी उचलून गल्ल्यावर दिली, त्याच्याबद्दल मला राग नाही, उलट कृतज्ञता आहे. त्याने आपले काम चोख केले. पण नोंदवही नसल्यामुळे सगळा संशय शेवटी त्याच्यावरच ढकलण्यात आला. "त्या पोरालाच विचारा" असे व्यवस्थापक सहज बोलून गेले. तुटपुंज्या पगारावर बारा तास उभे राहणाऱ्या परगावच्या मुलाने सापडलेली वस्तू प्रामाणिकपणे जमा करायची, आणि ती वर कुठेतरी हरवली की चोर म्हणून त्याच्याकडेच पाहायचे. असे एकदा अंगाशी आले, की पुढच्या वेळी तो टेबलावरच्या वस्तूला हात तरी कशाला लावेल? एका ओळीची नोंद आणि घेणाऱ्याची सही यांनी ग्राहकाचे जेवढे रक्षण होते, तेवढेच त्या मुलाचेही होते.

व्यावसायिकांची बाजू मी ऐकलेली आहे. लोक छत्र्या विसरतात, डबे विसरतात, महिनोन्महिने कुणी न्यायला येत नाही, जागा अडते, आणि कधी कधी भलताच माणूस येऊन हक्क सांगतो. हे सगळे खरे आहे. पण कायद्याने त्यांनाही वाऱ्यावर सोडलेले नाही. वस्तू जपण्यासाठी आणि मालक शोधण्यासाठी झालेला खर्च मिळेपर्यंत ती राखून ठेवण्याचा अधिकार कलम 168 सापडणाऱ्याला देते. सर्वसाधारणपणे विकली जाणारी वस्तू असेल आणि शोध घेऊनही मालक मिळाला नाही, किंवा त्याने रास्त खर्च द्यायला नकार दिला, तर ती नाशवंत असताना किंवा खर्च तिच्या किमतीच्या दोन तृतीयांशांपर्यंत गेल्यावर कलम 169 प्रमाणे ती विकताही येते. भलत्याच माणसाची भीती असेल तर वस्तूची खूण विचारा, ओळखपत्र पाहा, सही घ्या. आधी मालक शोधण्याचा वाजवी प्रयत्न करा, एवढीच अपेक्षा आहे. तो न करता सापडलेली वस्तू परस्पर आपलीशी करणे हा गुन्हा आहे, आधी भारतीय दंड संहितेच्या कलम 403 खाली होता आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली आहे. त्या खणातले कर्णफूल आज ना उद्या कुणाच्या घरी जाणार असेल, तर तो "गल्ल्यावर पडलेला माल" राहत नाही.

शिवाय हे अशक्य आहे असेही नाही. एसटीच्या वाहकाला गाडीत पिशवी सापडली तर तो ती आगारात जमा करतो. रेल्वेत विसरलेल्या सामानासाठी 139 या क्रमांकावर कळवता येते आणि रेल्वे सुरक्षा दलाची "अमानत" नावाची मोहीमच त्यासाठी आहे. लाखो प्रवाशांची ने-आण करणाऱ्या, आपण ऊठसूट नावे ठेवतो त्या सरकारी यंत्रणांना जे जमते, ते साठ टेबलांच्या वातानुकूलित उपाहारगृहाला जमत नाही, हे मी मुळीच मान्य करणार नाही. एक वही, एक कुलपाचे कपाट, आणि पाळी बदलताना पुढच्या माणसाला वही दाखवण्याची सवय, यापलीकडे यात काही नाही.

आम्ही त्यांना लेखी पत्र दिले आहे. फोनवर डबी मिळाल्याचे कबूल केल्याची तारीख आणि वेळ त्यात लिहिली आहे, बिलाची प्रत जोडली आहे, यंत्राच्या खरेदीची पावती जोडली आहे, आणि यंत्राची भरपाई आणि त्यांनी मावशीकडे मागितलेली लेखी माफी या दोनच गोष्टींची मागणी केली आहे. उत्तर आले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहोत. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, वकील नेमण्याची सक्ती नाही, आणि दाद मागायला दोन वर्षांची मुदत असते. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही आम्ही तक्रार नोंदवली आहे. पत्र पोचल्याची सही आमच्याजवळ आहे, उत्तर अजून आलेले नाही, आणि ते येईपर्यंत मी या लोकांचा पिच्छा सोडणार नाही.