फुकटचं रेशन आणि न मिळणारे मजूर: एका फॉरवर्डचा हिशेब

सोयाबीन काढणीला आलं की आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप गटात एक मजकूर फिरायला लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, सांगणं तेच: ‘फुकट रेशन, लाडक्या बहिणीचे पंधराशे, वर रोजगार हमी. घरबसल्या सगळं मिळाल्यावर रानात कोण येणार? लोक आळशी झाले. योजना बंद करा, उद्या दारात रांगा लागतील.’ खाली टाळ्या आणि अंगठे.

मी लातूर जिल्ह्यातला, सहा एकरांचा शेतकरी. मजूर मिळत नाहीत ही तक्रार खोटी नाही. वर ढग भरून आलेले आणि खाली कापलेलं सोयाबीन तसंच पसरलेलं, अशा वेळी गाडी घेऊन तीन गावं मीही हिंडलोय. माझा वाद आहे तो सांगितल्या जाणाऱ्या कारणाशी. ही नुसती पारावरची गप्पा असती तर सोडूनही दिली असती. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती भूषण गवई यांनी, निवडणुकीआधीच्या घोषणांमुळे महाराष्ट्रात शेतीला मजूर मिळत नाहीत, असं बोलून दाखवलं. त्याच सुमारास लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनीही एका भाषणात बांधकामावरच्या कामगारांबद्दल हाच सूर लावला. तेव्हापासून फॉरवर्डला वजन आलंय.

तर आधी रेशन. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य. गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलोनं मिळायचा, जानेवारी २०२३ पासून तेही घेणं बंद झालं. म्हणजे ‘फुकट’ झाल्यामुळे पाच माणसांच्या घराचे वाचले महिन्याला ५० ते ७५ रुपये. करोनात जे जादा ५ किलो मिळत होतं ते नेमकं डिसेंबर २०२२ मध्ये थांबलं, त्यामुळे रेशन फुकट झालं त्याच महिन्यात घरात येणारं धान्य निम्म्यावर आलं. ही गोष्ट फॉरवर्डमध्ये कधी नसते. आता माणशी ५ किलो धान्यात महिना निघतो का, हे ज्याच्या घरी भाकरी थापतात त्यानं सांगावं. तेल, मीठ, डाळ, पोराची वही, दवाखाना हे सगळं उरतंच.

पंधराशेचं गणित त्याहून सोपं. दिवसाला पन्नास रुपये. आमच्याकडे खुरपणीला बाईला तीनशेच्या आसपास रोज आहे, म्हणजे पंधराशे म्हणजे पाच दिवसांचं काम. उरलेले पंचवीस दिवस ती कशावर बसून राहणार? आणि योजनाच मुळात जुलै २०२४ ची. ऊसतोडीला माणसं कमी पडतात म्हणून राज्यानं ९०० तोडणी यंत्रांना अनुदान द्यायचं ठरवलं ते २०२३ मध्ये. खुरपणीला बाया मिळत नाहीत म्हणून तणनाशकाचे डबे तर त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या कोठ्यात आहेत. आजार आधी आणि कारण नंतर, असं कसं?

बाया घरी बसल्या म्हणावं तर सरकारचे आकडे उलटं सांगतात. देशाच्या ग्रामीण भागात काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या बायांचं प्रमाण श्रमबल सर्वेक्षणात २०१७-१८ ला २४.६ टक्के होतं, २०२३-२४ ला ते ४७.६ टक्के झालं. यात मेख आहे ती लपवत नाही: यातल्या बऱ्याच बाया स्वतःच्याच रानात, स्वतःच्याच जनावरांमागे राबतात आणि हातात मजुरी पडत नाही. पण मग त्या माझ्या बांधावर का नाहीत याचं उत्तर त्यातच आहे. त्या स्वतःच्या बांधावर आहेत.

(जाता जाता: पीएम किसानचे सहा आणि नमो शेतकरीचे सहा असे वर्षाला बारा हजार माझ्याही खात्यावर येतात. त्यामुळे मी आळशी झालो, असा मजकूर अजून कुणी पाठवलेला नाही.)

रोजगार हमीवर फार वेळ घालवत नाही. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात तिचा दर दिवसाला ३१२ रुपये होता आणि केंद्राची हमी वर्षात घरटी शंभर दिवसांची. मातीकाम करून पैसे महिनाभरानं जमा होणार, आणि रानात तेवढाच रोज संध्याकाळी हातात. कुणी कुठं जाईल?

राहिला ‘आळशी’ हा शब्द. जून २०२४ मध्ये राज्यात पोलीस भरती झाली. जागा १७,४७१, अर्ज १७ लाखांहून जास्त. भर पावसात पोरं मैदानावर धावत होती. त्याच वर्षी जानेवारीत लखनौ आणि रोहतकला इस्रायलमधल्या बांधकामांसाठी कामगारांच्या रांगा लागल्या होत्या, तिकडे युद्ध पेटलेलं असताना. पगार महिना सव्वा लाखाच्या वर होता. रेशनकार्ड त्यांच्याही घरी असणार. सुब्रह्मण्यन यांनी त्याच भाषणात दिलेला आकडाही बघा: कंपनीला एका वेळी चार लाख कामगार लागतात आणि सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण इतकं की वर्षाला सोळा लाख भरावे लागतात. म्हणजे माणसं येतात. टिकत नाहीत. पत्र्याच्या शेडमध्ये बारा-पंधरा जण, घर हजार किलोमीटरवर, तर सणाला गेलेला माणूस परत का येत नाही हे शोधायला रेशन दुकानात जायची गरज नाही.

‘पूर्वी मिळत होते’ हे मात्र खरं. पूर्वी पाडव्याला सालगडी ठरायचा आणि वर्षभर वाड्यावर असायचा. आता त्याचा पोरगा लातूरला गाडी चालवतो किंवा पुण्यात गोदामात आहे, तिथं महिन्याचे तीसही दिवस काम आहे. रानात माणूस मला लागतो कधी? खुरपणीचे दहा दिवस, काढणीचे आठ. त्याच आठ दिवसांत तो अख्ख्या तालुक्याला लागतो, कारण सगळ्यांनी सोयाबीनच पेरलंय. बाकी साडेअकरा महिने त्यानं काय करायचं हे आपण कधी विचारलं नाही. आणि जे उरलेत त्यांनी काम करायची रीत बदललीय. रोजानं येत नाहीत, गुत्त्यानं येतात, म्हणजे अख्खं काम ठरवून घेतात. टोळी, टेम्पो, एकरी भाव. आमच्या शेजारच्या वस्तीवरच्या बाया पहाटे सहाला उतरतात, अकरापर्यंत एकाचं रान संपवतात आणि दुसऱ्याचं धरतात. दिवसाला पाचशे-सहाशे पडतात. जे रोजानंच अडून बसलेत त्यांना दुपारी दोनला पारावर बसलेला गडी दिसतो आणि ते म्हणतात, बघा, माजलेत. त्याचं काम दीडलाच संपलेलं असतं.

ऊस हे याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, टनाला ३६६ रुपयांच्या आसपास. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवसाला दीड-दोन टन. म्हणजे दोघांत साडेपाचशे ते सव्वासातशे, तेही पहाटेपासून गाडी भरेपर्यंत, खोपीत राहून, पोरांची शाळा सोडून. डोक्यावर मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल, एक दिवस आजारी पडलं तर खाडा. ज्या घराला दुसरी वाट सापडली ते घर पुन्हा कोयता धरत नाही, आणि त्यात मला नवल वाटत नाही. कारखान्यांनी यंत्रं आणली. बागायतदारांनी यंत्र फिरावं म्हणून सरीतलं अंतर साडेचार-पाच फुटांवर नेलं. तरी ओल्या काळ्या रानात आणि माझ्यासारख्यांच्या तुकड्यांत यंत्र वळत नाही, वर यंत्राच्या उसात पाचट येतं म्हणून वजनातली कपात वेगळी. तिथं कोयताच लागतो आणि कोयता आता भाव विचारून येतो.

योजनांचा काहीच परिणाम नाही असं मी म्हणत नाही. झालाय. घरात पिठाचा डबा भरलेला असला की बाई पडेल त्या भावात ‘हो’ म्हणत नाही, दोन दिवस थांबते. फॉरवर्डवाल्यांना जो माज दिसतो तो हा. पण शेतमजुरीची चैन झाली असती तर ती आकड्यांत दिसली असती. अर्थशास्त्रज्ञ जाँ द्रेझ यांनी सरकारी आकड्यांवरून दाखवलंय की २०१४-१५ ते २०२१-२२ या काळात महागाई वजा जाता शेतमजुरी वर्षाला एक टक्क्याच्याही आत वाढली. तेव्हाही ही ओरड चालूच होती.

आणि बाई मागते तो वाढीव भाव मला का जड जातो, तेही सांगतो. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. आमच्या आडतीवर चार हजारांच्या आसपास गेलं. क्विंटलमागे गेलेले ते आठ-नऊशे रुपये कुणा बहिणीच्या खात्यावर गेले नाहीत.

गेल्या साली मी पंधरा दिवस आधीच टोळीच्या बाईला फोन केला. तारीख पक्की केली, टेम्पोचं भाडं माझ्याकडे घेतलं, माठ आणि सावलीला ताडपत्री ठेवली. त्या आल्या, पावणेदोन दिवसांत रान मोकळं करून गेल्या. यंदा फोन केला तर म्हणाल्या, “दादा, तुमची तारीख लिहून ठेवलीय. पण भावात पन्नास वाढवा, डिझेल वाढलंय.” मी तीस म्हणालो. अजून ठरायचंय.