पेशवेपद कुणी खालसा केलं? डलहौसीने तर नक्कीच नाही

घरच्या ग्रुपवर पुन्हा तोच फॉरवर्ड आला: 'पेशवेपद मुळापासून भट घराण्याचं, बापाकडून मुलाकडे आपोआप जाणारं; डलहौसीने 1851 साली नानासाहेबांचं दत्तकविधान नाकारून ते बुडवलं.' एका वाक्यात तीन चुका आहेत.

'मुळापासून' हा शब्द तर लगेच खोडावा लागतो. मोरोपंत पिंगळे शिवछत्रपतींचे पेशवे. त्यांच्यानंतर निळोपंत, मग बहिरोपंत, दोघेही पिंगळेच. बहिरोपंत कान्होजी आंग्र्यांच्या कैदेत पडले, तेव्हा कुठे 1713 साली शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथ भटांना पेशवेपदाची वस्त्रं (नेमणुकीची खूण) दिली.

'आपोआप'ची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. पद भटांच्याच घरात राहिलं हे खरं. पण प्रत्येक पेशव्याला साताऱ्याहून, छत्रपतींकडून वस्त्रं यावी लागत. शाहूंनी 1747 साली नानासाहेबांना (पहिल्या बाजीरावांचे थोरले चिरंजीव, फॉरवर्डमधले नव्हेत) काही काळ पदावरून दूरही केलं होतं. पुढे छत्रपतींच्या हाती सत्ता उरली नाही, तरी रीत सुटली नाही. सवाई माधवराव जेमतेम 40 दिवसांचे, पाळण्यातले, तरी त्यांच्यासाठी वस्त्रं पुरंदरावर आणावी लागली! पहिल्या बाजीरावांची मुद्राच पाहा ना: 'श्री राजा शाहू नरपती हर्षनिधान, बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान'. राजाचं नाव आधी, स्वतःचं मागून. 1796 साली तर कारभाऱ्यांनी चिमाजीआप्पांना सवाई माधवरावांच्या विधवेच्या मांडीवर दत्तक देऊन पेशवा केलं, आणि काही महिन्यांत ती वस्त्रं दुसऱ्या बाजीरावांच्या अंगावर गेली.

आता डलहौसी. तो गव्हर्नर जनरल म्हणून हिंदुस्थानात आला 1848 साली. दुसरे बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाले ते 3 जून 1818 रोजी. तेव्हाच त्यांनी स्वतःचा आणि वारसांचा हक्क सोडून दिला आणि सालीना आठ लाखांचा तनखा घेऊन ते कानपूरजवळच्या बिठूरला जाऊन राहिले. 1851 साली ते वारले, तेव्हा डलहौसीने बंद केला तो तनखा. त्यांचे दत्तकपुत्र नानासाहेब, त्यांचं भांडण त्या तनख्याचं होतं, आणि ते अगदी रास्त होतं. पण पद जाऊन तेव्हा 33 वर्षं झाली होती.

दत्तक नामंजूर करून डलहौसीने खालसा केलं ते सातारा, 1848 साली. 1857 साली कानपुरात नानासाहेबांनी पेशवा म्हणून द्वाही फिरवली, तेव्हा वस्त्रं पाठवायला साताऱ्याची गादीच शिल्लक नव्हती.